मास्टर ओह यांचं वळण

सिंगापूर
१५ ऑगस्ट २०२५

प्रिय यशोधनदादा,

मास्टर ओह परवा पहाटे झोपेतच गेले. ओह आंटींनी स्वतः फोन करून कळवलं आणि फोन ठेवण्याआधी म्हणाल्या, "टेल युअर ब्रदर." म्हणून हे पत्र. तुला फोन केला असता तर तू "हं, हं" म्हणून ठेवून दिला असतास आणि मग दिवसभर मलाच घोर लागला असता.

काल मी आणि मैत्रेयी दर्शन घेऊन आलो. फुलांमध्ये त्यांचा पांढऱ्या गणवेशातला फोटो होता. तोच चेहरा, समोरच्यानं नुकताच पाय चुकीचा टाकल्यासारखा. मी कोरियन रीतीनं गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार केला आणि उठले, तर मैत्रेयी मागून कुजबुजली, "ममा, वन मोर! एकदाच केला तर जिवंत माणसाला केल्यासारखा होतो." मी ओशाळून परत वाकले. आंटी बघत होत्या. म्हणाल्या, "इट्स ओके. त्याला पहिलाच जास्त आवडला असता."

मैत्रेयी सात वर्षांची असताना तूच पुण्याहून मागे लागला होतास, सिंगापुरात राहून पोरीला मास्टरांकडे तायक्वांदोला घालत नाही म्हणजे काय! आता ती कॉलेज सांभाळून मास्टरांच्याच हॉलमध्ये लहान मुलांना शिकवते. काल तिथून निघताना मात्र ती माझा हात धरून चालत होती, कितीतरी वर्षांनी.

आता कामाचं. ११ ऑक्टोबरला, शनिवारी, पाया लेबारच्या हॉलमध्येच स्मरणसभा आहे. भाषणं नाहीत. जुने-नवे सगळे विद्यार्थी मिळून मास्टरांनी स्वतः रचलेली पूमसे करणार आहेत. (बघ, मलासुद्धा शब्द येतो. हालचालींची आखीव मालिका म्हणजे पूमसे, हे तू मला किती वेळा समजावलं आहेस.) रिवाज असा की सगळ्यांत ज्येष्ठ विद्यार्थ्यानं पुढे उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या लयीनं करायचं. तुझ्या आधीचे कुणी राहिले नाहीत, किंवा कुठे आहेत ते कुणाला ठाऊक नाही. म्हणजे तू.

पोरांना तुझी लय बसवायची आहे, तेव्हा तुझ्या पुण्यातल्या वर्गाचा व्हिडिओ पाठव. हॉलमध्ये कॅमेरा आणायचा नाही, व्हिडिओ लावायचा नाही हा मास्टरांचा नियम तुला माहीत आहेच. मी आंटींना विचारलं. म्हणाल्या, "नियम त्याचा होता. आता हॉल माझा आहे."

येशील ना?

तुझी
क्षिप्रा


पुणे
१९ ऑगस्ट

प्रिय क्षिप्रा,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं आणि उठून वर्ग घ्यायला गेलो. दुसरं काय करावं सुचलं नाही. मुलांना सांगितलं तेव्हा मुलं रडली नाहीत, कारण त्यांनी त्यांना पाहिलेलंच नाही. पण सगळी आपणहून सरळ उभी राहिली.

मी तुआसला व्हॉल्व्हच्या कारखान्यात लागलो ते पंचाण्णव साल. शेजारच्या शिपयार्डात मास्टर जहाजांचे वेल्डिंगचे जोड तपासायचे. दोन्हीकडच्या लोकांचं कँटीन एकच होतं. एकदा भाताच्या रांगेत उभा होतो, तर मागून पाठीत बोट टोचलं. "यंग मॅन, यू स्टँड लाइक ब्रोकन चेअर." वळून पाहिलं तर माझ्या खांद्याएवढा माणूस! त्याच संध्याकाळी बस आणि एमआरटी करत त्यांच्या मागोमाग पाया लेबारला गेलो. खाली पंपदुरुस्तीचं दुकान, वर हॉल. दमट हवेत तळवे लाकडी फरशीला चिकटायचे आणि पाय उचलला की चर्रकन आवाज यायचा. मास्टर आवाजावरून सांगायचे कुणाचा पाय आळशी आहे ते. त्यांचं इंग्रजी मोजकं होतं. त्यातला "अगेन" हा शब्द आम्ही झोपेतही ऐकायचो.

वर्ग सुटला की सगळ्यांना हॉकर सेंटरला घेऊन जायचे. तिथंही सुटका नसे. नूडल्सच्या वाडग्यावर वाकलास की "बॅक!" बिल देऊ द्यायचे नाहीत. मी एकदा हळूच दिलं, तर आठवडाभर माझ्याकडे बघितलं नाही.

दोन हजार एकमध्ये बाबांच्या आजारपणामुळे परत यावं लागलं. नंतर एकदाच तिकडे येणं झालं, तेही चिनी नववर्षाच्या सुट्टीत. हॉल बंद होता. मास्टरांबरोबर जेवलो, गप्पा मारल्या, आलो. पण सांगतो, त्यांनी दिलेलं मी इंचभरही बदललेलं नाही. फेडरेशनचे नियम बदलले, सामने बदलले, पोरांना उड्या हव्या असतात. माझ्या वर्गात शेवटी मास्टरांची पूमसे होते, जशीच्या तशी.

व्हिडिओ जोडला आहे. त्यातलं तिसऱ्या ओळीनंतरचं वळण मैत्रेयीला नीट बघायला सांग. मागचा उजवा पाय उचलायचा नाही, जमिनीवरून ओढून आणायचा, अर्धा श्वास थांबायचं आणि मगच ठोसा. मास्टर याला नाव देत नसत. आम्ही इथे 'ओह-वळण' म्हणतो. जगात दुसरीकडे कुठेही हे नाही. माझ्या मते सगळे मास्टर त्या अर्ध्या श्वासात आहेत. ताकद हाताशी असताना थांबणं. लेखी परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न असतो.

येतो. शुभदा म्हणते तिकीट लगेच काढ, नाहीतर दिवाळीमुळे महागेल.

तुझा
यशोधनदादा


सिंगापूर
८ सप्टेंबर

प्रिय दादा,

उत्तराला उशीर झाला. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदकांची जबाबदारी माझ्यावर होती आणि ऑफिसात तिमाहीची घाई. आता दोन्ही विसर्जनं झाली.

तुझी खोली तयार आहे. आमच्या बुकित तिमाहच्या या काँडोत खाली मोठी हिरवळ आहे, तिथे पहाटे तुझा सराव होईल. शुभदावहिनींनाही आण. इमिग्रेशनचं कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, ते मैत्रेयी भरून देईल.

व्हिडिओ मिळाला. तुझी मुलं फार शिस्तीची आहेत. इथली पोरं सराव करतायत. लयीचं थोडं जमवावं लागेल, बघू.

दादा, एक विचारायचं होतं. तू होतास त्या काळात मास्टरांची तब्येत कशी होती? म्हणजे पायाबियाचं काही?

आंटी बऱ्या आहेत. हॉलची खिडकी रंगवून घेतायत.

क्षिप्रा


पुणे
११ सप्टेंबर

प्रिय क्षिप्रा,

तुझ्या पत्रात मजकूर कमी आणि गाळलेल्या जागा जास्त. तू लहानपणी मावशीची बरणी फोडलीस तेव्हाही अशीच हवापाण्याचं बोलत होतीस.

लयीचं काय ते मला कळलं. तिकडच्या पोरांना थांबणं जमत नसेल. साहजिक आहे. मास्टरांचं वय झाल्यावर त्यांनीही थोडं सैल सोडलं असणार, आणि आता सगळ्यांना वेग हवा. मैत्रेयीला सांग, काळजी करू नकोस, मामा दोन दिवस आधी येऊन सगळ्यांचं वळण दुरुस्त करून देईल.

आणि तब्येतीचं म्हणशील तर लोखंड होतं. सत्त्याण्णव साली यार्डात शिडीवरून पडले होते. दुसरा महिनाभर घरी बसला असता. हे त्याच संध्याकाळी हॉलवर हजर! फक्त खाली बसताना भिंतीला हात लावला, तो माझ्या लक्षात राहिला आहे. पुढे थोड्याच दिवसांत मला काळा पट्टा मिळाला आणि त्यांनी स्वतःची पूमसे शिकवायला घेतली. काळ्या पट्ट्याआधी ती कुणाला दाखवत नसत. ते वळण त्यांनी आम्हाला किती वेळा करून दाखवलं! तोंडानं एक शब्द नाही. नुसतं करून दाखवायचं आणि "अगेन".

मला तर वाटतं, त्या पडण्यानंतर ते आणखी खोल गेले.

यशोधनदादा


सिंगापूर
१४ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आता हवापाणी पुरे. हे तुला हॉलमध्ये सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तुझा व्हिडिओ आम्ही हॉलमध्ये प्रोजेक्टरनं भिंतीवर लावून पाहिला. मैत्रेयी, तिच्याबरोबर शिकवणारी दोघं-तिघं आणि मी. वळण आलं तशी मैत्रेयी पुढे सरकून बसली. म्हणाली, "ममा, हे सगळे लंगडतायत का? मामासुद्धा? सो वियर्ड, लाह." मी तिला दटावलं. म्हटलं, "ते ओह-वळण आहे. त्यात अर्थ आहे." ती उठली आणि तिनं ते वळण करून दाखवलं, मास्टरांनी तिला शिकवलं तसं. पाय उचलून, सरळ, एका दमात. ओढणं नाही, थांबणं नाही. बाकीच्यांनीही तसंच केलं. मी म्हटलं, ही नवी पद्धत असेल. तेवढ्यात मागून आंटींचा आवाज आला, "परत लावा."

त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या आम्हाला कळलं नव्हतं. परत लावलं. त्या भिंतीजवळ गेल्या, इतक्या की तुझ्या मुलांची चित्रं त्यांच्या अंगावर पडली.

म्हणाल्या, "हा त्याचा गुडघा. राइट नी."

मग बसून सांगितलं ते असं. मास्टर शिडीवरून पडले तेव्हा गुडघा आतून फाटला होता. डॉक्टरकडे गेले नाहीत. त्यांचा वर्क पास यार्डाच्या नोकरीवर होता. कामाला नालायक ठरले असते तर सगळं कुटुंब बुसानला परत, आणि मुलं इथं शाळेत. इथं कायम राहण्याचा परवाना, पी. आर., मिळाल्यावर, म्हणजे दोन हजार दोनमध्ये, त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. तोवर त्यांनी पाय ओढला, कारण तो उचलला जात नव्हता. थांबले, कारण कळ जाईपर्यंत थांबावंच लागायचं. ऑपरेशननंतर ते मूळच्यासारखे सरळ वळायला लागले आणि पुढच्या सगळ्यांना तसंच शिकवलं. तू त्याच्या आदल्या वर्षी निघून गेला होतास.

दादा, तुम्ही काही चुकीचं ऐकलं नाहीत. त्यांनी काही सांगितलंच नव्हतं. तुम्ही बघितलं तसं केलंत.

मला वाटलं होतं तुला सांगू नये. मग तुझं हे पत्र आलं, सगळ्यांचं वळण दुरुस्त करून देईन म्हणून.

तुझी
क्षिप्रा


पुणे
२५ सप्टेंबर

क्षिप्रा,

पत्र वेळेवर मिळालं होतं. तुझ्यावर राग नाही.

मी येत नाही. मैत्रेयीनं पुढे उभं राहावं, तिला बरोबर येतं. तिकिटाचं मी बघतो.

माझ्या हाताखालून गेलेली मुलं आता नाशिकला शिकवतात, कोल्हापूरला शिकवतात. एक जण कॅनडात वर्ग चालवतो. सगळे उजवा पाय ओढतात. पाच गुणांच्या प्रश्नाला एका मुलीनं तीन पानी उत्तर लिहिलं होतं. मी ते फळ्यावर लावलं होतं.

या महिन्याचा वर्ग बंद ठेवला आहे. शुभदा म्हणते, नवरात्र आहे म्हणून सांगू. सांगितलं.

यशोधन


सिंगापूर
२७ सप्टेंबर

प्रिय दादा,

तू 'दादा' न लिहिता नुसतं 'यशोधन' लिहिलंस, त्यावरून काय ते समजले.

तू येत नाहीस हे आंटींना सांगायला मी आणि मैत्रेयी आज दुपारी त्यांच्या फ्लॅटवर गेलो. त्या स्वयंपाकघरात मुळा चिरत होत्या. मैत्रेयीनं बिचकत सांगितलं, "आंटी, मामा इज व्हेरी सॅड. त्याला वाटतं त्यानं सगळ्यांना चुकीचं शिकवलं."

"चुकीचंच शिकवलं," आंटी म्हणाल्या. सुरी थांबली नाही.

मी म्हटलं, "आंटी, तो फार मनाला लावून घेतो."

"मग? माझा नवरा रोज काय करायचा? चुकीचं बघायचा, अगेन म्हणायचा. चूक झाली म्हणून घरी बसा, असं तो कुणाला म्हणाला? तुमच्या भावाला तेवढं एकच शिकायचं राहिलं वाटतं." मग मैत्रेयीकडे वळून, "तू शिकव त्याला. एक दिवस पुरे."

मैत्रेयी म्हणाली, "मी मामाला? कॅन मेह? जमेल मला?"

"तो ज्येष्ठ आहे, पुढे तोच उभा राहील. पण सरळ वळून."

एवढं म्हणून त्यांनी सुरी ठेवली आणि हात पुसले. पुढचं त्या माझ्याशी हळू बोलल्या, ते मी तुला जसंच्या तसं सांगते.

"घरी तो कधी लंगडला नाही. मी दार उघडायच्या आधी खुर्चीत जाऊन बसलेला असायचा. मी झोपल्यावर उठायचा. मला म्हणायचा ओव्हरटाइम झाला, दमलोय. मला ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांकडून कळलं. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी राहिले आणि त्याला कसं दुखायचं ते मी पाहिलंच नाही. व्हिडिओत पाहिलं. पण मुलं लहान आहेत, ती खेळल्यासारखी करतात. तुमचा भाऊ आता त्याच्या तेव्हाच्या वयाचा होत आलाय. सगळ्यांचं झाल्यावर त्यानं एकट्यानं ते एकदा त्याच्या पद्धतीनं करावं. मला बघायचंय."

दादा, मी यावर माझं काही जोडत नाही. घरी येताना लिफ्टमध्ये मैत्रेयी म्हणाली, "मामाला सांग, मी ओरडणार नाही. प्रॉमिस."

तुझी
क्षिप्रा


पुणे
४ ऑक्टोबर

प्रिय क्षिप्रा,

अनेक आशीर्वाद.

दसऱ्याला वर्ग उघडला. दरवर्षी आम्ही छातीची कवचं, फळ्या, पॅड सगळं मांडून पूजा करतो. मोठी, जुनी मुलंही येतात. पूजा झाल्यावर सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं. शिडी, गुडघा, पास, ऑपरेशन, सगळं. काही गाळलं नाही.

मग अनुया उठली. ती बँकेत असते, पण शनिवारी माझ्याकडे लहान मुलांना शिकवते. म्हणाली, "सर, वळणात पाय उचलला म्हणून तुम्ही मला काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत दोनदा नापास केलं होतंत."

"हो."

"म्हणजे मी तेव्हा बरोबर करत होते?"

"हो, अनुया."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "सर, मग मी तुम्हाला नापास करू का?" आणि सगळा वर्ग जो हसत सुटला! मीही हसलो. शुभदा आतून बघायला आली, इतक्या दिवसांनी कोण हसतंय म्हणून.

मग आम्ही तिथंच सरळ वळण सुरू केलं. अनुयानं दाखवलं. मुलांना तासाभरात आलं. मला नाही आलं. पाय उचलायला जातो आणि आपोआप ओढला जातो. डोकं सांगतं एक, मांडी ऐकते भलतंच. मोठ्या मुलांची तीच गत. कॅनडावाल्याला फोन केला, तो हसला नाही. म्हणाला, "सर, मला थोडा वेळ द्या." दिला.

आता तुला एक सांगतो, ते आंटींना कसं सांगायचं तू ठरव. तुझं पत्र आल्यावर मी गच्चीत एकट्यानं जुनं वळण करून बघितलं. ते मी डोळे मिटून करत आलो आहे. त्या दिवशी पाय ओढला, थांबलो, आणि ठोसा मारता आला नाही. इतकी वर्षं त्या अर्ध्या श्वासात मी ताकद शोधत होतो. आता तिथं पोचलो की मला भिंतीला लावलेला त्यांचा हात दिसतो. समोर आम्ही वीस जण उभे, सगळे त्यांच्या पायाकडे बघतोय, आणि एकालाही कळत नाही. आणि तो माणूस म्हणतो, अगेन. म्हणजे स्वतःलाही.

तिकीट रद्द केलं नव्हतं. शुभदानं करू दिलं नाही. आम्ही दोघं गुरुवारी रात्री चांगीला उतरतो. शुक्रवारी सकाळी तुमच्या हिरवळीवर मैत्रेयीनं मला शिकवावं. तिला म्हणावं, ओरड. मामा म्हणून सवलत नको, न ओरडता शिकलेलं माझ्या अंगी लागत नाही.

शनिवारी दहा वाजता सगळ्यांबरोबर सरळ वळायचा प्रयत्न करीन. पुढे उभा राहून चुकलो तर मागचे सगळे बघतील. बघू देत. त्यानंतर सगळ्यांना बाजूला बसवा आणि आंटींची खुर्ची उजव्या बाजूला ठेवा, पाय तिकडून दिसतो. मी त्यांच्यासाठी ते एकदा करीन, सावकाश. थांबेन तिथे किती वेळ थांबेन, हे मला आज सांगता येत नाही. कुणी टाळ्या वाजवू नयेत एवढं मुलांना सांगून ठेव.

तुझा
यशोधनदादा